वळूला वेगळा कायदा नाही

रखमाजीच्या हातून आजवर तीन माणसांची हाडं मोडली आणि तिघंही त्याच्या नात्यातलेच. चुलतभावाने चार शेळ्या गायरानात घातल्या, त्याचं मनगट गेलं. मामेभावाने 'जरा बैलाला तोंड मारू दे' म्हणत बांध उचकटला, त्याचा गुडघा गेला. साडूची चूक तर एवढीच, की त्याने हसत विचारलं, "आपल्याला बी कायदा का, पाव्हणं?" त्याच्या दोन बरगड्या गेल्या. काटेखेड्यात म्हणतच, की रखमाजीशी सोयरीक करायची तर आधी हाडवैद्य ठरवून ठेवावा.

रखमाजी काटेखेड्याच्या गायरानाचा राखण्या. टेंभुर्णीहून दोन कोसांवर हे गाव, आणि गावाच्या उशाला एकशेदहा एकर सरकारी गायरान. ठेंगणा, रुंद, पन्नाशी ओलांडलेला माणूस. डावा कान अर्धा. दुसरा अर्धा कुठल्याशा मारामारीत गायरानातच पडला. खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड. ती बोराटीच्या फांद्या तोडून खिंडारं बुजवायला होती, पण पाहणाऱ्याला ते पटत नसे.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात गायरानाचे नियम लिहिलेले होते. मृगापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गायरान बंद. गवत विळ्याने कापून डोक्यावर न्यायचं, जनावर आत घालायचं नाही. घातलं तर ते कोंडवाड्यात जाईल, आणि मालक गायरानाच्या दगडी बांधावर पूर्ण एक दिवस दगड रचेल तेव्हाच सुटेल. पैसे भरून सुटका नाही. ही मेख गायरान समितीच्या अध्यक्ष, अंगणवाडीच्या साधनाताईंनी मारली होती. त्या म्हणाल्या होत्या, पैसे ठेवले तर पैसेवाल्याची गुरं रोज आत दिसतील. त्याला उन्हात दगड उचलायला लावा, मग बघू. बरोबर होतं. चाळीस एकरांचा धनी धोतर खोचून बांध रचताना दिसला, की अख्खं गाव काही ना काही काम काढून तिकडून जात असे.

पण हे नियम शहाणपणातून आले असं कोणी म्हणेल तर ते झूट आहे. ते रक्तातून आले.

सहा वर्षांपूर्वी गायरानाला बळी तो कान पिळी, हाच नियम होता. दर उन्हाळ्यात डोकी फुटत. रखमाजीचा थोरला भाऊ रामकिसन उंचापुरा, मोठ्या तोंडाचा, पहिला घाव स्वतः घालणारा. त्याचं जमत नसे ते राधेश्यामशी. हा गावातला मोठा शेतकरी, दावणीला पंधरा जनावरं, आणि पडतं घेणं त्याला आईने शिकवलंच नव्हतं. त्या वर्षी नाल्याकाठी शेवटचा हिरवा पट्टा उरला होता आणि दोघांची गुरं एकाच वेळी त्यात तोंड घालायला आली. आधी शिव्यांत आया-बहिणी निघाल्या, मग काठ्या आणि मग कुऱ्हाड.

रखमाजी दीडशे पावलांवर मातीच्या बांधामागे होता. राधेश्यामने कुऱ्हाड उचललेली त्याने पाहिली. ती एकदा खाली आली, आणि रामकिसन गुडघ्यावर असताना दुसऱ्यांदा आली. रखमाजी उठला नाही. पालथा पडून राहिला, दातांत माती आली तरी. सगळं शांत झाल्यावर गावाकडे धावत सुटला आणि अकरा माणसं घेऊन आला. पोलिसांना त्याने सांगितलं, "म्या माणसं बोलवायला गेल्तो. माझ्या माघारी झालं." बाकी कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. झटापटीत दगडावर पडून मृत्यू, असा कागद झाला आणि प्रकरण मिटलं. चौथ्या दिवशी राधेश्याम ठाण्यातून सुटून घरी आला आणि म्हशीचं दूध काढायला बसला.

रखमाजीने हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. वहिनीला तर नाहीच.

पुढे ग्रामसभेत नियम झाले, आणि राखण कोण करणार, असं विचारल्यावर जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला, तेव्हा रखमाजी उभा राहिला. लोकांना वाटलं, हा आता नियमाच्या आडून भावाचा सूड घेणार. खरी गोष्ट वेगळी होती. ज्या जागी तो लपला, त्या जागी त्याला रोज उभं राहायचं होतं. असल्या माणसाच्या हाती काठी देऊ नये. तो दुसऱ्याला मारतो तेव्हा स्वतःलाच मारत असतो, आणि स्वतःला मारणारा हात आखडत नाही.

गायरान मात्र फळलं. पवन्या गवत आलं, मारवेल कमरेएवढा झाला. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही अशा बायाही चार महिने भारे कापून शेरडं जगवू लागल्या. सहा वर्षांत गायरानावर एकही माणूस मेला नाही.

एकच भानगड होती. रामकिसनच्या अकराव्याला त्याच्या बायकोने, उषाबाईने, घरच्या गाईचा गोऱ्हा नवऱ्याच्या नावाने देवाला सोडला होता. मांडीवर त्रिशूळ डागलेला तो गोऱ्हा बघता बघता डोंगराएवढा वळू झाला. त्याला वेसण नाही, दावं नाही, मालक नाही. उषाबाई रोज सकाळी दारात त्याला भाकरी चारी आणि त्याच्याशी अहो-जाहो करून बोले. "काल कुठं होता? पाठीला काय लागलंय तुमच्या?" बायका आधी हसल्या, नंतर हसायच्या थांबल्या. वळू भाकरी खाऊन निघे तो सरळ गायरानाच्या बांधाला छाती लावी. दगड कोसळत, आणि त्याच्या मागून गावातली मोकाट गुरं आत शिरत. गुरं रखमाजी हाकलून कोंडी. वळूला हात लावत नसे. देवाचा वळू, त्याला कोण कोंडणार? संध्याकाळपर्यंत मात्र तो एकटाच पडलेला बांध रचत बसे. भावाचा दंड भाऊ फेडी, असं तो मनाला सांगे.

यंदा दिवाळी आठ दिवसांवर आली होती. भर दुपारी रखमाजीला गायरानात राधेश्यामचा गोऱ्हा सापडला. काळाभोर, चार दाती, ऐन भरातला, शर्यतीसाठी अंडी-दूध घालून पोसलेला. रखमाजीने त्याला कोंडवाड्यात घातला आणि फाटकाला दांडी लावली. घटकाभरात राधेश्याम आला. पाठीमागे निम्मं गाव होतं.

"दांडी काढ."

"एक दिस दगड लावा. जनावर न्या."

"वळूनं बांध पाडला म्हणून माझा गोऱ्हा आत गेला. तुझ्या भावाचा वळू सहा साल झाले फुकट चरून राह्यला. त्याला कधी कोंडलं? का रं? कायदा माझ्याच गोऱ्ह्याला?"

रखमाजीने काठी उचलली आणि राधेश्यामच्या खांद्यावर घातली. राधेश्याम पडला नाही. त्याने रखमाजीची मान धरून त्याचं तोंड कोंडवाड्याच्या भिंतीवर दोनदा आपटलं. दात हलले. चौघांनी सोडवलं तेव्हा दोघांच्याही सदऱ्यांवर रक्त होतं. कोणतं कोणाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गर्दीतून आवाज आला, "राधेश्याम बराबर बोलला." मग दुसरा आला, मग दहा आले. जे कधीकाळी दगड रचून गेले होते ते सगळे एकाएकी बोलू लागले. वळूला सूट तर आम्हालाही सूट. उद्याच सगळ्यांची गुरं आत घालतो, बघू कोण अडवतो!

साधनाताई धावत आल्या. भिंतीवरचे नियम त्यांनीच लिहिलेले. त्या रखमाजीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रखमाजीभाऊ, जनावर म्हणजे सगळी जनावरं. वळू सुटा, असं आपण कुठं लिहिलंय?"

रखमाजीने तोंडातलं रक्त थुंकलं. उद्या शंभर गुरं आत शिरली, तर शंभर मालक काठ्या घेऊन मागे येतील, आणि सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस पुन्हा उजाडेल. हे त्याला जेवढं कळत होतं, तेवढं त्या गर्दीत कोणालाच कळत नव्हतं.

"उद्या दुपारपस्तोर वळू कोंडवाड्यात दिसंल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वळूला वेगळा कायदा न्हाई."

"तो कोंडशील तवाच मी दगडाला हात लावीन," राधेश्याम म्हणाला आणि गोऱ्हा तिथंच सोडून निघून गेला.

रखमाजी वहिनीच्या घरी गेला तेव्हा उषाबाई चुलीपुढे होती. बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"भावजी, त्यांना कोंडणार तुम्ही? सोताच्या हातानं?"

"वहिनी, नियम हाये."

"त्यांना मारलं तवा कुठं होता नियम?"

उषाबाईने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळली, घरभर वास सुटला, तरी ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा माणसं दोर घेऊन वळूच्या मागे लागली. जन्मात दोर न पाहिलेलं जनावर ते! त्याने पहिल्याला चिखलात लोळवलं, दुसऱ्याच्या मांडीत वीतभर शिंग घातलं, आणि दोरवाल्यांपैकी धर्मराजचं इमानी कुत्रं मध्ये भुंकायला आलं त्याला असं उडवलं, की ते खाली आलं ते पुन्हा उठलंच नाही. ऊन चढलं. मग म्हाताऱ्या सोनूबाईने उपाय सांगितला. तिची गाय माजावर आली होती. गाय कोंडवाड्यात बांधा, वळू आपल्या पायांनी आत येईल. गुरं राखणाऱ्यांचा हा जुना उपाय, तो कधी चुकत नाही.

"पण आत गोऱ्हा हाये," सोनूबाई म्हणाली. "त्याला आधी भाईर काढ, बाबा. माजावरची गाय अन् दोन नर एका भिंतीत ठिवू नको."

"दगड लावल्याबिगर जनावर सुटत न्हाई."

"अहो, घटकाभर!" साधनाताईही म्हणाल्या. "एवढ्यापुरतं सोडू या. समिती जबाबदार."

"एवढ्यापुरतं, एवढ्यापुरतं म्हणतच माणसं मेली ताई."

राधेश्याम निंबाखाली उभा होता. त्याचा लाडका गोऱ्हा, त्याने तरी म्हणावं की नाही, मी लावतो दगड? पण तो हसत होता. रखमाजीच्या हातून नियम मोडलेला बघायचा होता त्याला, आणि रखमाजी मोडणार नाही म्हणून हट्टाला पेटला होता. दोन मूर्खांच्या मधे मुकं जनावर उभं होतं. रखमाजीने गोऱ्ह्याला कोंडवाड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात दुहेरी दोराने खुंट्याला करकचून बांधलं. त्याच्या मते झाली सोय.

गाय आत नेली. वळू आला. वास घेत, मान ताठ करून, गर्दीकडे न बघता तो फाटकातून आत गेला, आणि रखमाजीने दांडी लावली. क्षणभर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग गोऱ्हा हंबरला.

वळूने गाईकडे पाठ फिरवली. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही, मान फिरवता येत नाही, ते फक्त उभं राहून मार खातं. पहिल्या धडकेत गोऱ्ह्याचं पोट फाटलं. दुसऱ्या धडकेत आतडी मातीत आली. दुहेरी दोर तुटला नाही, खुंटाही निघाला नाही. रखमाजीने काम चोख केलं होतं. गोऱ्हा गुडघे टेकून ओरडत होता, आणि तो आवाज ऐकून राधेश्यामच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने कोणाचा तरी विळा हिसकावला आणि भिंतीवरून आत उडी घेतली.

दोर कापायला तो वाकला, तेवढ्यात वळू वळला.

त्याला पळायला जागा नव्हती. वळूने त्याला उचलून भिंतीवर आपटला आणि कपाळाने दाबून धरला. बरगड्या मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. राधेश्यामच्या हातातला विळा गळून पडला. गर्दीतून कोणीतरी किंचाळलं, "रामकिसन! रामकिसन आला!" आणि ते नाव तोंडोतोंडी पसरलं. बायकांनी हात जोडले. कोणी दांडीला हात लावला नाही. उषाबाई फाटकापाशी उभी होती, डोळ्याची पापणी न हलवता.

रखमाजी भिंतीबाहेर कुऱ्हाड घेऊन उभा होता. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. पोटातून गरम, गोड असं बरं वाटलं. आपल्या हाताला डाग नाही, नियमही मोडला नाही, आणि सहा वर्षांचं देणं देव आपणहून वसूल करतोय. वळू मागे सरला, पुन्हा दाबला. राधेश्यामच्या तोंडातून रक्ताचा फेस आला. त्याचे डोळे रखमाजीवर आले आणि तिथंच थांबले.

आणि रखमाजीला कळलं, की आपण पुन्हा भिंतीमागे उभे आहोत. माणूस मरतोय आणि आपण बघतोय. तेव्हा बांध मातीचा होता, आता दगडाचा. बाकी काही बदललेलं नाही.

तो आत पडला. पहिला घाव वळूच्या खांद्यात बसला. वळूने मान नुसती झटकली. दुसरा पाठीवर बसला. वळू वळला, आणि त्याच्या शिंगाने रखमाजीचा दंड सोलून काढला. रखमाजी ओरडत होता; शिव्या की रडणं, ते समजत नव्हतं. "दादा, सोड! दादा, सोड त्याला!" म्हणत त्याने दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलली आणि शिंगांच्या मागे, मानेच्या मणक्यावर घातली. मग पुन्हा घातली. वळू चारी पाय मुडपून खाली आला, तो रखमाजीच्या उजव्या पायावरच. नडगीचा तुकडा कातडीबाहेर आला. वळू बराच वेळ घोरला. मग तो आवाजही थांबला.

गर्दीतल्या हरिओमने सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि ठाण्यात फोनही त्यानेच केला. दवाखान्याच्या गाडीआधी हवालदार मोटरसायकलवर पोचले. राधेश्यामला बाजेवर घातलं होतं. श्वास चालू होता, शुद्ध होती. रखमाजीला भिंतीला टेकवून बसवलं होतं, पाय पंच्याच्या फडक्यात बांधलेला. मधे वळू पडलेला, आणि उषाबाई त्याच्या डोक्यापाशी बसलेली.

"देवाचा वळू तोडला, साहेब!" लोक म्हणाले. "भावाच्या नावाचा वळू! गुन्हा दाखल करा."

"डोळ्यांनी पाहिलं कोणी?"

हात वर झाले. धर्मराज, हरिओम, तो मनगटवाला चुलतभाऊ, गुडघ्याचा मामेभाऊ, बरगड्यांचा साडू. हवालदारांनी मोजले. एकोणीस.

"जनावराचा मालक कोण?"

"मालक न्हाई, देवाचा हाये."

"मालक मी," उषाबाई म्हणाली. ती उठली. वळूच्या रक्ताने तिचा पदर भिजला होता. तिने वर झालेले हात एकेक करून बघितले. "माझा नवरा मेला तवा यातला एकबी हात वर झाला न्हाई. आज बैल मेला तर एकोणीस डोळेवाले निघाले व्हय रं?"

हात खाली आले. कोणाचा पटकन, कोणाचा हळूहळू.

"माझी तक्रार न्हाई," ती हवालदारांना म्हणाली. "भावजींनी जीव वाचवला माणसाचा. तसलाच का असंना, माणूस हाये. लिवा."

हवालदार लिहू लागले. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. वहिनीने सगळ्या गावादेखत पाठीशी घातलं, याहून जास्त रखमाजीला काय हवं होतं? सहा वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलली होती. गप्प बसला असता तर तिच्या घरची भाकरी त्याला जन्मभर मानाने मिळाली असती.

"साहेब, अजून एक लिवा," रखमाजी म्हणाला.

"काय?"

"म्या त्या दिशी माणसं बोलवायला गेल्तो, हे झूट हाये. म्या बांधामागं पडून व्हतो. दादा गुडघ्यावर व्हता. राधेश्यामनं दोन घाव घातले. दुसरा घाव घालायची काही गरज न्हवती. म्या दोन्ही पाहिले, अन् म्या उठलो न्हाई."

बाजेवर राधेश्यामने तोंड भिंतीकडे केलं.

उषाबाई रखमाजीपाशी आली. दिराला भाकरी वाढताना डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई ती. तिने हात उचलला आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी, मग तिसरी. हाताला लागलेलं वळूचं रक्त त्याच्या गालांवर उमटत गेलं. साधनाताई मधे पडायला धावल्या, तर तिने त्यांना ढकलून दिलं. रखमाजीने तोंड वळवलं नाही, हात आडवा घातला नाही. तिचाच हात दमला तेव्हा ती त्याच्यासमोर मातीत बसली. धाप लागली होती तिला.

"सहा वर्सं," ती म्हणाली. "सहा वर्सं मी एका बैलाला इचारून राह्यले की कसं मारलं तुमाला. अन् तुम्ही रोज माझ्या दारावरून जात व्हता."

"वहिनी..."

"वहिनी म्हणू नका. बोला आता. साहेबाला सगळं सांगा. कुठं उभा व्हता, कुऱ्हाड कशी व्हती, तुमचे दादा काय म्हणले, समदं सांगा. मी बसल्ये हितं ऐकायला."

रखमाजी बोलू लागला. हवालदारांनी लिहिलेला कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला.